बाई, मुलांनी बँड आधीच ऐकलाय

पत्र थोडक्यात: खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं हे पत्र. नाव-गाव त्यांच्या विनंतीवरून देत नाही. जानेवारीच्या शेवटी बेळगावात लष्करी बँडचा कार्यक्रम आहे. मैदानावर आधी संचलन, मग एका जागी बसून वादन. सहावी-सातवीच्या ३८ मुलांना घेऊन बाई जाणार आहेत. तयारीला तीन आठवडे आहेत आणि ‘मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही,’ असं त्या लिहितात. मुख्याध्यापकांचं म्हणणं, मुलांकडून वाद्यांची नावं पाठ करून घ्या आणि परतल्यावर निबंध लिहून घ्या. सहकाऱ्यांना धास्ती आहे की आमच्या मुलांना बँड म्हणजे फक्त लग्नातला ठाऊक. ती वरातीसारखी नाचतील, शिट्ट्या मारतील आणि शाळेचं नाव घालवतील. शिवाय वर्गातल्या एका मुलाचे वडील लग्नसराईत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात, त्यावरून बाकीची मुलं त्याला चिडवतात. ‘लग्नातला बँड वेगळा आणि हा खरा बँड वेगळा, असं मुलांना नीट समजावू, की त्या मुलासाठी तो विषयच टाळू?’ असं बाई विचारतात.

प्रिय बाई,

‘आमच्या मुलांना बँड म्हणजे फक्त लग्नातला ठाऊक.’ हे वाक्य सहकाऱ्यांचं म्हणून तुम्ही लिहिलंय, पण ते तुम्हालाही थोडंफार पटलंय असं पत्र वाचताना जाणवलं. त्या वाक्यातला ‘फक्त’ तेवढा काढून टाकता आला, तर तुमची निम्मी तयारी झाली असं मी म्हणेन.

उद्या वर्गात गेल्यावर मुलांना एवढंच विचारा, की रस्त्यावरून चालत चालत वाजवलेलं तुम्ही काय काय ऐकलंय? फळ्यावर जागा पुरणार नाही. हलगी, घुमकं, कैताळ, सनई, ताशा, धनगरी ढोल, बेंजो, वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत फुंकलेली तुतारी. कुणी डॉल्बीही सांगेल, तोही लिहून घ्या. मग विचारा, डॉल्बी आणि बाकीच्यांत फरक काय? डॉल्बी गाडीवर असतो आणि बाकीची माणसं स्वतः चालत वाजवतात, हे उत्तर मुलांकडूनच येईल. वाजवायचं, चालायचं आणि दोन्ही सगळ्यांनी मिळून एका ठेक्यात करायचं, हेच तर संचलन करणाऱ्या बँडचं सगळं मर्म आहे. तुमच्या शाळेत लेझीम असेलच. लेझमीच्या ठेक्यावर रांग न मोडता वळणारी मुलं या विषयात कोरी कशी?

म्हणून तुमच्या प्रश्नातला पहिला पर्याय मी बाजूला ठेवते. ‘हा खरा बँड’ असं म्हटलं की तो दुसरा खोटा ठरतो. त्या मुलाचं सोडा, ते ऐतिहासिकदृष्ट्याही चूक आहे.

थोडं मागे जाऊन सांगते, कारण ही गोष्ट मुलांना फार आवडते. तुर्कस्तानच्या सुलतानाच्या फौजेबरोबर ढोल, झांजा आणि आपल्या सनईच्या गोतावळ्यातलं, फुंकून वाजवायचं एक कर्कश वाद्य घेतलेले वादक असत. त्यांचा आवाज ऐकून युरोपातले राजे इतके भारावले, की अठराव्या शतकात त्यांनी आपल्या पलटणींच्या वाजंत्रीत मोठा ढोल आणि झांजा घेतल्या. आज मिलिटरी बँडमध्ये छातीवर पेलून दोन्ही बाजूंनी बडवतात तो बेस ड्रम तिथून आला. पुढे इंग्रजांच्या पलटणींबरोबर त्यांचे बँड आपल्याकडच्या छावण्यांमध्ये आले. आपला बेळगावचा कॅम्प ही अशीच एक छावणी. छावणीतलं हे वादन संस्थानिकांनी ऐकलं, आपलेही बँड उभे केले. म्हैसूरच्या राजवाड्यात तर एक कर्नाटक संगीत वाजवणारा आणि एक इंग्रजी, असे दोन बँड होते. त्यांचा वारसा आज तिथल्या पोलिसांच्या बँडकडे आहे. छावणीतून आणि दरबारातून ती पितळी वाद्यं, ते बिल्ल्यांचे कोट आणि त्या टोप्या लग्नाच्या मांडवात आल्या. वरातीतल्या बँडवाल्यांच्या खांद्यावर झुपके का असतात, हे मुलांना एकदा विचारून बघा. तो फौजेचा गणवेश आहे. आता सांगा, यातला खरा कुठला?

आता त्या मुलाबद्दल. विषय टाळण्यामागची तुमची माया मला कळते. पण सगळा वर्ग तीन आठवडे बँडबद्दल बोलणार आणि ज्याच्या घरी बापाचं ट्रम्पेट आहे असं एकच मूल गप्प बसणार. बाईसुद्धा त्याच्याकडे बघायचं टाळणार. टाळलेलं मुलांना बरोबर कळतं. त्यातून त्याला एवढंच समजेल, की बाईंनाही यात लपवण्यासारखं काहीतरी वाटतं. आपल्या भागात वाजवणं हे कुणाचं काम आणि नाचणं कुणाचं, हे जातीने ठरवलेलं होतं आणि त्याचा वास अजून गेलेला नाही. चिडवणारी मुलं ते घरातूनच उचलतात. तुमच्या गप्प राहण्याने ते पुसलं जाणार नाही.

मात्र थेट वर्गात ‘याचे वडील बँडमध्ये आहेत, टाळ्या वाजवा’ असंही करू नका. आधी त्या मुलाशी एकटं बोला. ‘तुझ्या वडिलांना शाळेत बोलवायचं माझ्या मनात आहे, तुला चालेल का?’ असं खरोखर विचारा आणि तो नाही म्हणाला तर ते मान्य करा. मग दुसऱ्या गावचा एखादा वादक शोधता येईल. हो म्हणाला, तर वडिलांकडे स्वतः जा, निरोप धाडू नका. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे या दिवसांत बँडवाल्यांना सुपाऱ्या कमी असतात आणि वेळ मिळू शकतो. एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. त्यांना मानधन द्या. वाजवणं हा त्यांचा रोजगार आहे, शाळेच्या प्रेमाखातर फुकट या असं आपण गवंड्याला म्हणत नाही. एसडीएमसीकडून, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीकडून, थोडे पैसे मिळाले तर उत्तम, नाहीतर शिक्षकांनी वर्गणी काढावी. आणि त्यांची ओळख ‘अमक्याचे बाबा’ अशी नको, ‘ट्रम्पेटवादक’ अशी करून द्या.

त्यांना भाषण करायला लावू नका. सुट्या सुट्या गोष्टी दाखवायला सांगा. नुसत्या ओठांनी आवाज कसा काढायचा. तीन खटके दाबले की काय होतं. चालताना दम कसा पुरवायचा, डोळे कुणाकडे ठेवायचे, थंडीत पितळ गार असलं की सूर उतरतो तो कसा सांभाळायचा. हे पुस्तकात सापडायचं नाही आणि ते माणसाला दहा मिनिटांत दाखवता येतं.

आता ‘मला संगीतातलं कळत नाही’ या तुमच्या काळजीकडे वळते. या वयाच्या मुलांना आधी हातांनी आणि पायांनी कळतं, नावं मागाहून चिकटतात. त्यामुळे तुम्हाला सारेगम यायलाच हवी असं काही नाही. पुढचे प्रयोग मी स्वतः शाळेत शिकवत असताना केलेले आहेत आणि त्यांना खर्च जवळजवळ नाही.

पहिला पाईपचा. झाडांना पाणी घालायच्या रबरी पाईपचा दीड मीटरचा तुकडा घ्या आणि एका टोकाला रॉकेलचं असतं तसं नरसाळं घट्ट बसवा. दुसऱ्या टोकाला ओठ मिटून लावायचे आणि गाल न फुगवता ओठ थरथरवायचे. लहान पोरं गाडी-गाडी खेळताना करतात तसं, पण जास्त आवळून. आधी नुसता वारा येतो, मुलं हसतात, मग एखाद्याचा एकदम असा भोंगा वाजतो की शेजारच्या वर्गातून बाई बघायला येतात. ट्रम्पेटची नळी उलगडली तर ती साधारण एवढीच, दीड मीटरच्या आसपास भरते. त्यानंतर पाईपचा तीन मीटरचा तुकडा घ्या, आवाज खालच्या सप्तकात उतरतो. बँडमधला सगळ्यांत जाडजूड ट्यूबा म्हणजे अशी साडेपाच मीटरच्या आसपासची नळी गुंडाळून ठेवलेली आहे, हे ऐकल्यावर कार्यक्रमात मुलांची नजर आपोआप तिकडे जाईल. त्याच पाईपवर ओठ आणखी आवळले की वरचा दुसरा सूर निघतो. बिगुल असाच वाजतो, त्याला खटका एकही नसतो, सगळं काम ओठांचं. आपली तुतारीही तशीच. ट्रम्पेटचे तीन खटके दाबले की नळीची लांबी वाढते, एवढंच त्यांचं काम. पाईप एकाने फुंकल्यावर दुसऱ्याच्या हातात देण्याआधी तोंडाचं टोक साबणाने धुऊन घ्या.

दुसरा पिपाणीचा. पपईच्या पानाच्या पोकळ देठाची पिपाणी करणारं एक तरी मूल तुमच्या वर्गात निघेल. त्याला गुरू करा. देठाचं एक टोक बंद ठेवून त्याच्याजवळ उभी चीर दिली की तिचा पापुद्रा थरथरतो आणि आवाज येतो. चीक आधी धुऊन टाकायला सांगा, ओठांना झोंबतो. सनईची पत्ती, क्लॅरिनेटची पत्ती, सगळे या पपईचेच भाऊबंद. आणि इथे मुलांना एक कोडं घाला. सॅक्सोफोन अंगाने पितळेचा आहे, मग तो पितळी वाद्यांत बसतो का? नाही. त्याच्या तोंडाशी पातळ पत्ती असते, म्हणून तो क्लॅरिनेटच्या घराण्यातला. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्स या कारागिराने १८४६ साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा पितळी वाद्यांचा दणका आणि पत्तीच्या वाद्यांची चपळाई एकत्र आणणं हाच त्याचा हेतू होता.

तिसरा प्रयोग मला सर्वांत प्रिय. मैदानाच्या एका टोकाला दोन मुलांना ताट आणि पळी घेऊन उभं करा, बाकीचे दुसऱ्या टोकाला. हात खाली आलेला आधी दिसतो आणि आवाज मागाहून येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ८५ मीटरवर पोचायला त्याला पाव सेकंद लागतो. आता हे पावलांशी जोडा. झपझप संचलनात मिनिटाला साधारण १२० पावलं पडतात, सेकंदाला दोन. लांबलचक रांगेत शेवटच्या माणसाने कानाने ऐकून पाऊल टाकलं, तर तो अर्धं पाऊल मागे पडलाच म्हणून समजा. म्हणूनच बँडच्या पुढे तो उंच ड्रम मेजर हातात दांडा घेऊन चालतो. तो दांडा शोभेचा नाही. वळा, थांबा, वाजवायला लागा, सगळे हुकूम त्या दांड्याने डोळ्यांना दिले जातात. हे एकदा मैदानावर करून पाहिलेलं मूल कार्यक्रमात आधी दांडा शोधेल.

पावलांसाठी तुमच्या गावातला एखादा निवृत्त जवान गाठा. खानापूर-बेळगावकडे ज्या घरात कुणी मराठा सेंटरमध्ये गेलेलं नाही असं घर शोधावं लागेल. मराठा लाईट इन्फंट्रीची सर्वांत जुनी पलटण १७६८ मध्ये उभी राहिली आणि तिचं केंद्र आपल्या बेळगावात आहे, हे मुलांना माहीत असेल. पण डावं पाऊल बेस ड्रमच्या ठोक्यावर पडतं, हे आजोबांच्या वयाच्या माणसाबरोबर मैदानात चालून कळण्यात वेगळी मजा आहे. त्यांना बिगुलाबद्दलही विचारायला सांगा. वायरलेस नव्हतं तेव्हा उठा, जेवायला या, मागे फिरा हे सगळं बिगुल सांगायचा. दिल्लीत २९ जानेवारीला विजय चौकात होणारा ‘बीटिंग रिट्रीट’ त्यातूनच आला. सूर्य मावळताना लढाई थांबवून तळावर परतायची ती खूण होती.

तुमच्या आवारातच कन्नड शाळा आहे, असं पत्रात ओझरतं आलंय. मैदानावरच्या या दोन प्रयोगांना त्या मुलांनाही हाक मारा. त्यांच्यातल्या कुणाच्या घरी करडी मजलू, म्हणजे ढोल, झांजा आणि सनईचं कन्नड भागातलं एकत्र वादन, करत असतील, तर ते तुमच्या मुलांनी ऐकावं. सनईला ती मुलं सनादी म्हणतात, हे ऐकून आमच्या वर्गातली मुलं कितीतरी वेळ हसत होती आणि मग दोन्ही नावं आलटून पालटून वापरायला लागली.

मोबाईलवरचे व्हिडिओ मी मुद्दाम शेवटी ठेवलेत. आधी दाखवले की मुलांना वाटतं, पाहून झालं. शिवाय मोबाईलच्या स्पीकरमध्ये बेस ड्रम ऐकूच येत नाही, टिकटिक येते. मी चौथीत असताना वडिलांनी कॅम्पात रस्त्याच्या कडेला उभं करून पहिल्यांदा मिलिटरीचा बँड दाखवला, तेव्हा तो ढोल मला आधी पोटात लागला आणि मग कानात. मी घाबरून वडिलांचा सदरा धरला होता. तो धक्का मुलांसाठी राखून ठेवा. निघायच्या आदल्या दिवशी पाच मिनिटांची एक चित्रफीत दाखवलीत तरी पुष्कळ.

ऐकताना लक्ष कुठे द्यायचं, यासाठी दोनच गोष्टी पुरे. संचलनाच्या बऱ्याच धुनांमध्ये जोरकस सुरुवातीनंतर मध्यावर एक हळुवार भाग येतो, सूरही बदलतो. तो आला की शेजाऱ्याच्या हाताला हलकेच दाबायचं, असं मुलांना सांगा. आणि पाईप बँड, म्हणजे हवेची पिशवी काखेत दाबून वाजवायच्या बॅगपाईपचा बँड असेल, तर त्या पिशवीतून सतत येणारा एकच न बदलणारा सूर शोधायचा. भजनात तंबोरा ऐकलेल्या मुलाला तो लगेच सापडतो. मुख्याध्यापकांना हवी असलेली वाद्यांची नावं या वाटेने तीन आठवड्यांत येऊन जातील. त्यांना तसं सांगा आणि निबंधाऐवजी मुलांना घरच्या कुणाला तरी सगळं सांगून यायला सांगायची परवानगी मागा. निबंध डोक्यात ठेवून ऐकणारं मूल ऐकत नाही, ते वाक्यं जमवतं. मुख्याध्यापक अडूनच बसले तर अर्ध्या पानावर एक चित्र आणि त्याखाली चार ओळी, यावर तडजोड करा.

शाळेचं नाव जाईल या भीतीबद्दलही बोलायला हवं. चालीच्या संगीतावर अंग हलणं हा गुन्हा नाही. ते संगीत पाय उचलावेत म्हणूनच रचलेलं असतं. व्हिएन्नामध्ये नववर्षाच्या मैफलीत थोरल्या योहान श्ट्राऊस या संगीतकाराने १८४८ साली रचलेली संचलनाची एक धून वाजते, तेव्हा उंची कपड्यांतले सगळे श्रोते ठेक्यावर टाळ्या वाजवतात आणि संचालक त्यांच्याकडे वळून हळू कधी, जोरात कधी हे हाताने सांगतो. तेव्हा मुलांना ‘हलू नका’ म्हणू नका. त्यांना तीन प्रसंग ओळखायला शिकवा. झपझप चालीवर पाय हलला, टाळी पडली तरी चालेल. एकट्या बिगुलाचा संथ सूर सुरू झाला की श्वासाचाही आवाज नको, कारण ते बहुतेकदा गेलेल्या जवानांसाठी असतं. राष्ट्रगीताला सावधान. शिट्टीचं म्हणाल, तर वरातीत शिट्टी का मारतो आणि इथे का नको, ही चर्चा मुलांनाच करू द्या. समोरचे वाजवणारे एकमेकांना ऐकून वाजवतात, हे त्यांनी पाईप फुंकून अनुभवलेलं असेल, त्यामुळे उत्तर तेच काढतील. उठून नाचणारं एखादं मूल निघालंच, तर त्याला तुमच्या शेजारी घ्या, घरी धाडायची धमकी नको.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगते. बेस ड्रमच्या आणि स्पीकरच्या अगदी पुढ्यात बसवू नका. मोठ्या आवाजाने दचकणारं किंवा कानाला यंत्र लावणारं मूल असेल तर त्याला कडेला बसवा आणि आधी सांगून ठेवा. कार्यक्रम संध्याकाळचा असेल तर स्वेटर हवेतच. मैदानावर पोचल्याबरोबर मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवा. वाजवणारे मोकळे दिसले तर मुलांना त्यांच्याजवळ जाऊ द्या. ‘तुमची नळी किती मीटर?’ असा प्रश्न तुमच्या मुलाने विचारला, तर समोरचा हवालदार थांबून उत्तर दिल्याशिवाय राहणार नाही, याची मला खात्री वाटते.

आणि बाई, ३८ मुलांबरोबर मोठी माणसं लागतीलच. पालकांपैकी कुणाला न्यायचं याची यादी कराल, तेव्हा त्या ट्रम्पेटवादकांना पहिल्यांदा विचारा. त्यांनी आयुष्यभर वाजवलंय, पण खुर्चीत बसून मिलिटरीचा बँड शेवटपर्यंत ऐकायला त्यांना कधी मिळालंय का, कुणास ठाऊक. बसमधली एक जागा त्यांच्या नावाने धरून ठेवा, त्या दिवशी त्यांची सुपारी नसेल तर.

तुमची,
ताई